शरदिंदू बंद्योपाध्याय

शरदिंदू बंद्योपाध्याय (जन्म : जौनपूर, सध्याचे उत्तर प्रदेश, ३० मार्च १८९९, मृत्यू : मुंबई, २२ सप्टेंबर १९७०) हे बंगाली भाषेतील कथाकार, कादंबरीकार व पटकथालेखक होते. ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेषकाचे जनक म्हणून ते भारतभर ओळखले जातात. रहस्यकथांखेरीज त्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या, भूतकथा, विनोदी कथा आणि मुलांसाठी साहस-कथा लिहिल्या. ‘तुंगभद्रार तीरे’ या कादंबरीसाठी त्यांना १९६७ साली पश्चिम बंगालचा रवींद्र पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला त्यांच्याविषयी एक गोष्ट सहसा माहीत नसते. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यातील अखेरची बत्तीस वर्षे या लेखकाने महाराष्ट्रात काढली, आधी मुंबईत व नंतर पुण्यात. ब्योमकेशाच्या बहुतेक कथा कलकत्त्यात घडतात, परंतु त्यांतील दोन-तृतीयांशाहून अधिक कथा महाराष्ट्रात लिहिल्या गेल्या आहेत.

बालपण व शिक्षण

शरदिंदूंचे घराणे मूळचे कलकत्त्याच्या उत्तरेस असलेल्या बरानगरचे. जौनपूर हे त्यांचे आजोळ. वडील ताराभूषण हे वकील होते आणि त्यांचा व्यवसाय बिहारमध्ये असल्याने मुलाचे बालपण व शालेय शिक्षण बिहारमध्येच झाले. मुंगेर येथून १९१५ साली ते मॅट्रिक झाले. बंगालबाहेर राहून बंगाली जपणाऱ्या माणसांना बंगालीत ‘प्रवासी’ म्हणतात. शरदिंदू जन्माने प्रवासी होते आणि मरणानेही प्रवासीच राहिले. कलकत्त्यात त्यांचे सलग वास्तव्य झाले ते केवळ विद्यार्थी म्हणून.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कलकत्त्याच्या विद्यासागर महाविद्यालयात दाखल झाले. त्या काळी परगावचे विद्यार्थी, कारकून आणि फिरते व्यापारी ‘मेस’मध्ये राहत. मेस म्हणजे निव्वळ खाणावळ नव्हे. एका इमारतीत भाड्याच्या खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर, एक नोकर आणि एकमेकांचा पूर्वेतिहास ठाऊक नसलेली दहा-बारा माणसे, असा तो संसार असे. मुंबईतील गिरणगावच्या खाणावळी आणि ‘गाळे’ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. हॅरिसन रोड परिसरातील (आजचा महात्मा गांधी मार्ग) या मेसच्या जीवनाचा अनुभव शरदिंदूंना फार उपयोगी पडला. शेजारच्या खोलीतील माणूस कोण आहे हे आपल्याला खरोखर माहीत असते काय, हा रहस्यकथेचा मूळ प्रश्न त्यांना तेथेच भेटला असावा.

विद्यार्थिदशेत, विसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा ‘यौवनस्मृती’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १९१८ साली, त्यांचा पारुल यांच्याशी विवाह झाला होता. पदवीनंतर त्यांनी पाटणा येथे कायद्याचे शिक्षण पूर्ण केले आणि वडिलांच्या हाताखाली वकिली सुरू केली.

वकिलीचा त्याग

१९२९ साली शरदिंदूंनी वकिली सोडली. पदरी संसार, वडिलांचा चालता व्यवसाय, आणि समोर बंगाली मासिकांकडून मिळणारे तुटपुंजे मानधन, अशा स्थितीत तिशीच्या उंबरठ्यावरील माणसाने घेतलेला हा निर्णय होता. केवळ लेखणीवर जगणे ही त्या काळी बंगालमध्येही फार थोड्यांना जमलेली गोष्ट होती. मराठीत त्याच सुमारास ना. सी. फडके व वि. स. खांडेकर नावारूपाला येत होते, पण दोघांनाही अध्यापनाचा आधार होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयातील धोका कळतो.

वकिली सुटली तरी वकिलाची नजर सुटली नाही. साक्षीदार खोटे का बोलतो, मृत्युपत्र बदलल्याने कोणाचा लाभ होतो, दत्तक मुलाचा हक्क कोठवर चालतो, विम्याची रक्कम कोणाच्या नावे आहे, असले प्रश्न त्यांच्या कथांत सतत येतात. तेथील खून बहुधा वेडाच्या भरात होत नाहीत. मालमत्तेसाठी, अब्रूसाठी किंवा दाबून ठेवलेल्या वासनेपायी होतात, आणि खुनी हा बहुतेक वेळा सुशिक्षित, सभ्य, चार लोकांत मान असलेला गृहस्थ असतो.

ब्योमकेश बक्षीचा जन्म

बंगालीत रहस्यकथा शरदिंदूंच्या आधीपासून होती. पांचकडी दे आणि दीनेंद्रकुमार राय यांची पुस्तके घरोघरी वाचली जात. परंतु त्यांतील बरेचसे लेखन इंग्रजी कथांवर बेतलेले होते आणि काही मालिकांचे नायक तर थेट लंडनमध्ये वावरणारे साहेबच असत. मराठीतही त्या काळी चित्र फारसे वेगळे नव्हते. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांचे संस्कार दातारशास्त्री, नाथमाधव आदींच्या लेखनावर स्पष्ट दिसतात. वाचक भरपूर आणि प्रतिष्ठा शून्य, अशी या साहित्यप्रकाराची दोन्ही भाषांत अवस्था होती. मुले ही पुस्तके क्रमिक पुस्तकाच्या आड धरून वाचत आणि वडीलधारी माणसे ती जप्त करून स्वतः वाचत.

१९३२ साली शरदिंदूंनी ब्योमकेशाची पहिली कथा लिहिली. ‘पथेर कांटा’ ही लेखनक्रमाने पहिली, ‘सीमंत-हीरा’ दुसरी. नायकाची नीट ओळख करून देण्याची गरज नंतर भासल्याने ‘सत्यान्वेषी’ ही तिसरी कथा त्यांनी लिहिली आणि कालक्रमाने तिला पहिले स्थान दिले. या आरंभीच्या कथा ‘मासिक वसुमती’तून प्रसिद्ध झाल्या.

एडगर ॲलन पो, कॉनन डॉईल व अगाथा ख्रिस्ती यांचे लेखन शरदिंदूंनी बारकाईने वाचले होते. ब्योमकेशाच्या शेजारी कथा सांगणारा मित्र अजित आहे, त्यामागे डॉ. वॉटसन उभा आहे हे उघडच आहे. पण साम्य तेथेच संपत आले. ब्योमकेश धोतर नेसतो, वर्तमानपत्रातील जाहिराती आधी वाचतो आणि बातम्या मागाहून. पुंटीराम हा नोकर आणून देईल तो चहा पितो. ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द त्याला आवडत नाही, ‘गोयेंदा’ हा बंगाली शब्द तर मुळीच नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो आणि दारावरच्या पाटीवरही तेच लिहितो. पुढे ‘आदिम रिपू’ या कादंबरीत त्याचे पूर्वायुष्य कळते. वडील शाळेत गणिताचे शिक्षक होते, आईवडील दोघेही क्षयाने गेले, आणि पोरका झालेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला. होम्स किंवा प्वारो यांना असे घर नाही.

‘अर्थमनर्थम्’ या कथेत ब्योमकेशाला सत्यवती भेटते. संशयित म्हणून पकडल्या गेलेल्या तरुणाची ती बहीण. पुढे दोघांचा विवाह होतो, मूल होते, घरात तांदूळ-डाळीचे प्रश्न निर्माण होतात. गुप्तहेराने लग्न करू नये असा त्या कथाप्रकाराचा जवळजवळ नियमच होता, तो शरदिंदूंनी मोडला. मोडताना त्यांनाही धास्ती वाटली असावी, कारण विवाहित नायक वाचकांना रुचणार नाही अशा समजुतीने त्यांनी १९३६ मधील ‘ब्योमकेश ओ वरदा’ या दहाव्या कथेनंतर लेखणी थांबवली. ब्योमकेश पंधरा वर्षे गप्प राहिला.

मुंबई : चित्रपटसृष्टीतील वर्षे

१९३८ साली हिमांशू राय यांच्या निमंत्रणावरून शरदिंदू मुंबईस आले. हिमांशू राय व देविका राणी यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ मालाडला होता. बंगाली लेखक, जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व त्यांचे तंत्रज्ञ आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले नट अशी ती विलक्षण वसाहत होती. शरदिंदूंचे बिऱ्हाडही मालाडलाच होते. ‘भाभी’ (१९३८), ‘दुर्गा’ (१९३९), ‘कंगन’ (१९३९), ‘नवजीवन’ (१९३९), ‘आझाद’ (१९४०) व ‘पुनर्मिलन’ (१९४०) या चित्रपटांच्या लेखनात त्यांचा वाटा होता. यांपैकी ‘कंगन’ मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने आठवेल. लीला चिटणीस यांना हिंदी पडद्यावर अखिल भारतीय कीर्ती मिळाली ती याच चित्रपटाने.

१९४० मध्ये हिमांशू राय यांचे निधन झाले आणि कंपनीत फाटाफूट सुरू झाली. शरदिंदू १९४१ साली तेथून बाहेर पडले. काही काळ त्यांनी एन. आर. आचार्य यांच्या संस्थेसाठी काम केले आणि नंतर स्वतंत्रपणे पटकथा लिहिल्या. पैसा वकिलीपेक्षा बरा होता. मात्र या चौदा वर्षांत त्यांच्या हातून झालेल्या साहित्याची मोजदाद केली, तर पटकथांनी किती वेळ खाल्ला ते दिसते. ब्योमकेशाची एकही कथा १९३६ ते १९५१ या काळात नाही. अर्थात तोटाच झाला असेही म्हणता येणार नाही. दृश्य कोठे सुरू करावे, संवाद कोठे तोडावा, पात्र दारातून आत येते तेव्हा वाचकाला काय दिसावे, हे नंतरच्या ब्योमकेशकथांत ज्या सफाईने साधले आहे ती सफाई पहिल्या दहा कथांत नाही. ती मालाडची कमाई आहे.

मुंबईस आले त्या सुमारासच त्यांची ‘झिंदेर बंदी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. अँथनी होप यांच्या झेंडाच्या कैद्यावरील प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीचा हा भारतीय अवतार. उसने घेतल्याचे लपवण्याऐवजी शरदिंदूंनी संस्थानाचे नावच ‘झिंद’ ठेवून ऋण मान्य केले, हा प्रांजळपणा त्या काळच्या रूपांतरकारांत दुर्मीळ होता.

पुणे

१९५२ साली शरदिंदूंनी चित्रपटाशी संबंध तोडला आणि ते पुण्यास स्थायिक झाले. वयाची त्रेपन्न वर्षे उलटली होती. तेविसाव्या वर्षी केलेले नव्हे, तर तिसाव्या वर्षी केलेले धाडस त्यांनी पुन्हा एकदा केले : मिळकतीचा धंदा टाकून लेखणी हाती घेतली. या वेळी ते बंगालला परत गेले नाहीत, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. त्यांचे संपादक, प्रकाशक, वाचक सारे कलकत्त्यात होते, आणि ते स्वतः मराठी बोलणाऱ्या शहरात बसून बंगाली लिहीत होते. पुण्यातील त्यांच्या घराचे नाव ‘मिथिला’ होते, म्हणजे बालपणीचा बिहार त्यांनी पाटीवर आणून ठेवला होता.

लेखन पुन्हा सुरू होण्यास निमित्त घडले ते मुलांचे. कलकत्त्याच्या एका भेटीत एका स्नेह्याच्या घरातील मुलांनी ब्योमकेशाच्या नव्या कथा का येत नाहीत असे त्यांना विचारले. आपला नायक पंधरा वर्षांनंतरही वाचला जातो आहे, तोही पुढच्या पिढीकडून, हे त्यांना तेव्हा उमगले. १९५१ साली ‘चित्रचोर’ लिहून झाली आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत ब्योमकेश थांबला नाही. एकूण बत्तीस कथा-कादंबऱ्या पूर्ण झाल्या. तेहतिसावी, ‘विशुपाल वध’, अपुरी राहिली. पहिल्या दहा वगळता बाकीच्या सर्व महाराष्ट्रातल्या, आणि ‘चित्रचोर’ सोडली तर त्या जवळजवळ सगळ्या पुणेकर शरदिंदूंच्या.

या संख्येकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. त्याच दशकांत मुंबईत चंद्रकांत सखाराम चव्हाण ऊर्फ बाबूराव अर्नाळकर झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या कथा लिहीत होते आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या हजाराच्या पुढे गेली. अर्नाळकरांनी महाराष्ट्राला वाचायला लावले, वाचनालयांच्या फळ्या झिजवल्या. शरदिंदूंनी अडतीस वर्षांत तेहतीस कथा लिहिल्या. दोघांची तुलना करून एकाला उंच ठरवणे बरोबर नाही, कारण कामे वेगळी होती. एकाने दर महिन्याची भूक भागवली. दुसऱ्याने रहस्यकथा ही सामाजिक कादंबरी म्हणूनही वाचता यावी असा आग्रह धरला आणि त्यासाठी वेळ घेतला.

महाराष्ट्राची माती

पुण्याच्या वास्तव्याची खूण ब्योमकेशकथांत थेट उमटली आहे ती ‘शैलरहस्य’मध्ये. ब्योमकेश कामानिमित्त या बाजूला येतो आणि हिवाळ्यातील महाबळेश्वरी जाऊन पोहोचतो. हंगाम संपल्यामुळे ओस पडलेले ‘सह्याद्री हॉटेल’, त्याचा पारशी चालक, रात्रीची बोचरी थंडी आणि खोलीत जाणवणारे कोणाचे तरी अस्तित्व, असा हा मामला आहे. कथेचा मोठा भाग ब्योमकेशाने अजितला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. तर्कावर भिस्त ठेवणाऱ्या ब्योमकेशाला येथे तर्कापलीकडच्या गोष्टीशी गाठ घालावी लागते, म्हणून काही वाचकांना ही कथा मालिकेत बसत नाही असे वाटते. परंतु शरदिंदू हे ‘वरदा’ या भूतकथा-मालिकेचेही लेखक होते आणि त्यांना ज्योतिषाचाही नाद होता, हे विसरता कामा नये.

याहूनही मोलाच्या आहेत सदाशिवाच्या कथा. सदाशिव हा पोरका, उपाशी, नातेवाइकांनी घराबाहेर काढलेला मराठा मुलगा. तो तरुण शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत सामील होतो आणि शौर्यापेक्षा चतुराईने एकेक कामगिरी फत्ते करतो. ‘सदाशिवेर आदिकांड’पासून ‘घोडा घोडा कांड’पर्यंत अशा पाच कथा आहेत. हा काळ स्वराज्याच्या अगदी आरंभीचा, कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली त्या १६५७ सालाच्याही आधीचा आहे. येथे दरबार नाही, राज्याभिषेक नाही, मोठमोठी भाषणे नाहीत. डोंगर, पायवाटा, भाकरी, घोडे आणि अंगावर धड कपडे नसलेली पोरे आहेत. शिवाजी महाराज हे या मुलांचे थोडेसे मोठे सवंगडी वाटतात.

बंगाली लेखकाने हे लिहावे यात एक ऐतिहासिक गुंता आहे. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. ‘बर्गी’ म्हणजे मराठा घोडेस्वार हा शब्द तेथील अंगाईगीतात भयाचा शब्द म्हणून रुजला. दुसरीकडे, रमेशचंद्र दत्त यांनी एकोणिसाव्या शतकात मराठ्यांच्या उदयावर कादंबरी लिहिली, मराठी कुळातील सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालीत लिहून तेथील स्वदेशी चळवळीस बळ दिले आणि रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावर कविता केली. भय आणि आदर असे दोन्ही प्रवाह बंगाली मनात वाहत आले आहेत. शरदिंदूंनी यांपैकी आदराचा प्रवाह उचलला, पण त्याला उत्सवातून काढून पोरांच्या खेळात नेऊन सोडले. या कथांवर पुढे बंगालीत चित्रकथाही निघाल्या. बंगाली मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना सह्याद्रीची पहिली ओळख सदाशिवाने करून दिली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव या संदर्भात क्वचितच घेतले जाते.

ऐतिहासिक कादंबऱ्या

बंगाली समीक्षकांपैकी अनेकांच्या मते शरदिंदूंचे श्रेष्ठ लेखन ऐतिहासिक कादंबऱ्यांत आहे. ‘कालेर मंदिरा’ ही स्कंदगुप्त व हूण यांच्या काळातली, ‘गौडमल्लार’ शशांकानंतरच्या बंगालची, ‘तुमि संध्यार मेघ’ अकराव्या शतकातली, तर ‘कुमारसंभवेर कवी’ कालिदासाविषयी. ‘तुंगभद्रार तीरे’ ही पंधराव्या शतकातील विजयनगरची, दुसऱ्या देवरायाच्या राजवटीतली कादंबरी आहे. कलिंगाच्या राजकन्यांना घेऊन नौका नदीतून विजयनगरकडे निघाल्या आहेत, या दृश्याने ती सुरू होते. संस्कृतप्रचुर, नादमधुर अशी तिची भाषा आहे. ब्योमकेशाच्या कथा लिहिणाराच हा लेखक काय, असा प्रश्न पडावा इतकी ती निराळी आहे. रवींद्र पुरस्काराबरोबरच १९६७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचा शरत्स्मृती पुरस्कारही त्यांना मिळाला.

कथाविशेष

शरदिंदूंच्या रहस्यकथेत न्याय आणि कायदा या एकच गोष्टी नाहीत. ब्योमकेश सत्य शोधतो, पण ते प्रत्येक वेळी पोलिसांच्या हवाली करतोच असे नाही. काही कथांत तो गुन्हेगाराला स्वतःचा निर्णय घेण्यास वाव देतो, काहींत मौन पत्करतो. माजी वकिलाने निर्माण केलेल्या नायकाचे हे वर्तन विचार करायला लावते. ‘आदिम रिपू’ची पार्श्वभूमी १९४६ च्या कलकत्त्यातील दंगलींची आहे आणि तिचा शेवट स्वातंत्र्याच्या क्षणापाशी येतो. ‘अमृतेर मृत्यू’त दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यापाड्यांत शिल्लक राहिलेली शस्त्रे आहेत. ‘मग्न मैनाक’ स्वातंत्र्योत्तर राजकारणातील प्रतिष्ठित घराच्या आत डोकावते. कोणी केले हे कळून गेल्यावरही या कथा पुन्हा वाचाव्याशा वाटतात, कारण त्या काळाचे घर, भाडे, रेशन, लग्ने आणि लाज यांत साठवलेली आहे.

भाषेविषयी एक गमतीची नोंद. बंगालीत ग्रांथिक ‘साधू’ आणि बोलीजवळची ‘चलित’ अशा दोन शैली आहेत. अजितचे निवेदन साधू वळणाचे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते जुनाट वाटू लागले, तेव्हा शरदिंदूंनी अजितला निवेदकपदावरून चक्क निवृत्त केले, आणि त्याला चलित भाषा जमत नाही अशी त्याची थट्टाही केली. अखेरच्या काही कथा म्हणून तृतीयपुरुषी निवेदनात आहेत.

उणिवाही आहेत. काही खलपात्रे पहिल्याच भेटीत ओळखू येतात. स्त्रियांच्या रूपाचे वर्णन करताना लेखणी नको तितकी रेंगाळते, आणि काही कथांत एखादा समाज किंवा वर्ग यांच्याविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह तसेच्या तसे उतरले आहेत. आजच्या विद्यार्थ्याने ते डोळे उघडे ठेवून वाचावेत.

नव्या वाचकासाठी

ब्योमकेशाच्या कथा कालक्रमाने वाचण्यात लाभ आहे, कारण पात्रांचे वय वाढत जाते. ‘सत्यान्वेषी’त अजित राहतो त्या मेसमध्ये अतुलचंद्र मित्र या नावाने एक तरुण राहायला येतो, तोच ब्योमकेश. भोवतालच्या वस्तीत कोकेनचा चोरटा व्यापार चालला आहे आणि खून पडत आहेत. ‘पथेर कांटा’त भर रस्त्यात चालती माणसे ग्रामोफोनची पिन हृदयात घुसून कोसळतात. ‘माकडसार रस’ ही छोटी कथा उत्तम कोडे आहे : अंथरुणाला खिळलेल्या, कडक पहाऱ्यातील म्हाताऱ्यापर्यंत विषारी नशा पोहोचते कशी? अशा दोन-चार लहान कथांनंतर ‘दुर्गरहस्य’ घ्यावी. तिच्यात जुना किल्ला आहे, १८५७ ची आठवण आहे आणि सर्पदंशाचा संशयास्पद मृत्यू आहे. मराठी वाचकाला किल्ल्याचे वातावरण सहज आपलेसे वाटते. ‘चिडियाखाना’ मात्र घाईत वाचू नये. निवृत्त न्यायाधीशाने वसवलेल्या गुलाबबागेतील प्रत्येक रहिवाशाचा भूतकाळ लक्षात ठेवावा लागतो. ‘शजारूर कांटा’ शेवटी ठेवलेली बरी, कारण साळिंदराच्या काट्याने होणाऱ्या खुनांपेक्षा तिच्यात एका दांपत्याच्या मनाची गोष्ट अधिक आहे.

बंगाली न येणाऱ्यांसाठी श्रीजाता गुहा यांची इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत. मूळ बंगाली समग्र साहित्य कलकत्त्याच्या आनंद पब्लिशर्सने ‘शरदिंदू अम्निबास’ या नावाने बारा खंडांत प्रसिद्ध केले आहे.

चित्रपट व दूरदर्शन

ज्या चित्रपटसृष्टीला शरदिंदूंनी रामराम ठोकला तिने त्यांच्या पुस्तकांची पाठ सोडली नाही. ‘झिंदेर बंदी’वर तपन सिन्हा यांनी १९६१ साली उत्तमकुमार व सौमित्र चटर्जी यांना घेऊन चित्रपट केला. १९६७ मध्ये सत्यजित राय यांनी ‘चिडियाखाना’ पडद्यावर आणला. ब्योमकेश झाले होते उत्तमकुमार. या चित्रपटासाठी राय यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर उत्तमकुमार यांच्या राष्ट्रीय पुरस्कारात ‘अँटनी फिरिंगी’बरोबर याही भूमिकेचा वाटा होता. तरीही स्वतः राय या चित्रपटावर फारसे समाधानी नव्हते. लेखकाच्या निधनानंतर तरुण मजुमदार यांचा ‘दादार कीर्ती’ (१९८०) विशेष गाजला.

महाराष्ट्रातील घराघरांत ब्योमकेश पोहोचला तो १९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या बासू चटर्जी यांच्या हिंदी मालिकेमुळे. रजित कपूर यांनी ब्योमकेश, के. के. रैना यांनी अजित आणि सुकन्या कुलकर्णी यांनी सत्यवती साकारली. मालिकेचा दुसरा भाग १९९७ मध्ये आला. पाठलाग, बंदुका, मोटारी यांचा भपका नसलेली, बैठकीच्या खोलीत बसून बोलणारी ही रहस्यकथा तेव्हाच्या प्रेक्षकांना नवीन होती. २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जी यांनी सुशांतसिंह राजपूत यांना घेऊन हिंदी चित्रपट काढला, त्यात १९४० च्या दशकातील कलकत्ता उभे केले आहे. बंगालीत ब्योमकेशावरील चित्रपट व मालिका अद्याप निघत आहेत. सदाशिवाच्या कथा मात्र ज्या मुलखात घडतात त्या मुलखाच्या पडद्यावर अजून यायच्या आहेत.